हिरव्या दिघीला पोचला का?

॥ श्री ॥
बोर्ली पंचतन
८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण पंधरा दिवस पालथं पडून राहायचंय, असं अनुवहिनीने कळवलं. मोबाइल बंद, टीव्ही बंद. म्हणून हे पत्र. वहिनी वाचून दाखवेल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. आता उशीत तोंड खुपसून गप्प ऐक.

बापूकाकांनी बोटीवरून येताना आणलेल्या त्या जपानी कॅसेटी आठवतात ना? पाच मुखवटेवाले, पाच रंगांचे? माझ्या निकेशने ती मालिका इंटरनेटवर शोधून काढली. सगळे भाग, आणि खाली इंग्रजी अक्षरं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी पट्टी उगारून शिकवलेलं इंग्रजी पंचेचाळीस वर्षांनी असं कामी आलं.

दादा, तू किती खोटारडा आहेस. तुला जपानी येतं म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत अख्खी आळी टीव्हीपुढे बसायची आणि तू उभा राहून अर्थ सांगायचास. त्यांचा म्हातारा प्रमुख पाचांना रांगेत उभं करून ओरडतो, तिथे तू सांगितलं होतंस की कुणीतरी सुरीला तेल न लावताच फणस कापलाय. प्रत्यक्षात तो म्हणतो, की तुमच्यातला एक जण शत्रूला सामील आहे. पांढऱ्या केसांची राणी कांदा चिरून रडत नव्हती, तिचा मुलगा गेला होता. आणि ‘वाडी आमची, नारळ आमचे’ अशी जी आरोळी आपण सुपारीच्या झाडांमधून ठोकत हिंडायचो, तिचा खरा अर्थ आहे की आम्ही आधीच मेलेलो आहोत. नऊ वर्षांच्या पोरीला तू हे काय दाखवत होतास?

आपली शेवटची कॅसेट, हिरव्या मुखवट्याचा तो आपला ‘हिरव्या’, कड्यावरून समुद्रात पडतो तिथे संपायची. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तो पोहत आपल्या दिघी बंदराकडे निघालाय असं तूच सांगितलंस. मग मी दर रविवारी केळीच्या पानात पोहे बांधून काळ्या खडकावर ठेवायचे. सोमवारी पान रिकामं, वर नीट घडी घातलेलं. म्हणजे कावळे नव्हेत.

पुढचा, शेवटचा भाग मी अजून पाहिलेला नाही. तू आलास की दोघं मिळून पाहू.

उशीतूनही माया पोचते असं धरून चालते.
तुझी
वल्लरी

॥ श्री ॥
पनवेल
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय, तेव्हा अक्षर चांगलं दिसेल. (हे शेवटचं मी माझ्या मनाने लिहिलं. – अनुसूया)

जपानी मला येत होतं. बापूकाकांनी नमस्कार आणि चहा नको, एवढं शिकवलं होतं. बाकीचं मी माणसांच्या हातवाऱ्यांवरून लावायचो. फणसाचं मला आजही पटतं. एवढा राग माणसाला उगाच येत नाही.

आता नीट ऐक. दिवसभर मला फक्त फरशी दिसते, तीही धुक्यातून. दुसरा डोळा तर लहानपणापासून नावालाच आहे. हाही गेला तर पेपर वहिनीकडून ऐकावा लागेल, आणि ती फक्त निधनवार्ता वाचते. (कारण त्याच खऱ्या असतात.) डॉक्टर काही ठाम सांगत नाहीत. म्हणून मी मनाशी ठरवलंय, की हिरव्या वाचला असेल तर माझा डोळाही वाचेल. हसू नकोस. रात्रंदिवस पालथा पडलेला माणूस असलंच काहीतरी ठरवतो. माझ्यासाठी थांबू नकोस. शेवटचा भाग बघ आणि काय होतं ते खरं खरं कळव.

(वन्सं, ते हे चेष्टेत म्हणत नाहीत. कालपासून दोनदा विचारून झालं, बोर्लीचं उत्तर यायला किती दिवस लागतील म्हणून.)

पत्राची वाट बघणारा, आशीर्वाद देणारा,
अनीशदादा

॥ श्री ॥
बोर्ली पंचतन
१९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल दुपारी दार लावून शेवटचा भाग पाहिला. निकेशलाही बाहेर बसवलं.

हिरव्या वाचला. कड्यावरून पडतो, लाट त्याला दोनदा खाली नेते, मग एक हात वर येतो. मुखवटा वाहून जातो आणि तो पोहायला लागतो. बराच वेळ पोहतो, मला तर कंटाळा आला. शेवटी एका धक्क्याला लागतो. धक्क्याचं नाव जपानीत लिहिलंय, पण मागे खाडी, पलीकडे डोंगर आणि बाजूला एक माणूस जाळं झटकत बसलेला. मला विचारशील तर दिघीच. तो माणूस काही न विचारता त्याला चहा देतो. हा नको म्हणत नाही.

बाकी चौघंही येतात. प्रमुख सर्वांची माफी मागतो. फणसाचा विषय निघत नाही.

तेव्हा आता गुमान पालथा पड, थेंब वेळेवर घाल आणि वहिनीला छळू नकोस. नारळ आणि पोहे वेगळे पाठवलेत.

तुझ्या मायेला आमच्या विहिरीसारखा तळ नसो.
वल्लरी

॥ श्री ॥
पनवेल
२८ डिसेंबर २०२५

चि. सौ. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

ओळी वर चढताहेत, कारण हे पत्र मी स्वतः लिहितोय.

डोळ्यातलं धुकं गेलं. परवा डॉक्टरांनी टीव्हीला परवानगी दिली. मी निकेशला फोन करून मालिकेचा पत्ता मागितला. तुला सांगू नकोस म्हणालो. नावालाच असलेल्या डोळ्यावर हात धरला आणि ऑपरेशनच्या डोळ्याने शेवटचा भाग पाहिला. खालची इंग्रजी अक्षरं सगळी लागली, बारीकसुद्धा.

हिरव्या तिसऱ्या मिनिटाला मरतो. उरलेले चौघं बाराव्यापर्यंत. प्रमुख कुणाची माफी मागत नाही. चहा, धक्का, जाळं, काही नाही, नुसता काळा समुद्र आणि ‘समाप्त’ची पाटी. मी ते तीन मिनिटांचं दृश्य चारदा पाहिलं. वाईट वाटलं, पण प्रत्येक वेळी स्पष्ट दिसलं. वहिनीने टीव्हीपुढे साखर ठेवली.

पोरी, तुझं जपानी माझ्याहून चांगलं आहे.

पंधरा जानेवारीला येतो. काळ्या खडकावर दोघं जाऊ. पोहे कर, आणि या वेळी मीठ नीट घाल. त्या सुट्टीत दर रविवारी कमी पडायचं.

तुझ्या लोभावर पंचेचाळीस वर्षं जगलेला,
अनीशदादा