भूल देण्याआधी

सोमवार, १२ तारीख

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अक्षर नेहमीपेक्षाही वाकडं आलंय, कारण बोटांत अजून नीट जोर येत नाही. पण फाडू नकोस. तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर समोरून हलायचं नाही, असं दाजींना बजावून ठेवलंय.

इकडे सगळं ठीक. उन्हाळ्यामुळे फ्रिज दुरुस्तीला रांग लागली आहे आणि माझ्या नावाने बोटं मोडत बायको एकटीच गिऱ्हाइकांना तोंड देते आहे. मी सध्या घरीच असतो. का, ते सांगायचं टाळतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. लहानपणीही मी सारवासारव करायला लागलो की तू नुसती बघत बसायचीस.

तुझ्या टिकलीच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे, असं दाजींकडून कळलं. चांगलंच आहे. तिरळेपणा जाईल, शाळेतली कार्टी चिडवायची थांबतील. ऑपरेशन करू नका असं मी म्हणत नाही. दाजींना मी फोनवर सगळं सांगितलं, तर म्हणाले, "तूच लिही बाबा. तुझं नाव काढलं की ती उठून आत जाते."

मागच्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय का?" मी म्हणालो, "छे हो, आमचं अख्खं खानदान झोपाळू!" आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली, हे माझ्या मनातही आलं नाही. तिचं हृदय बंद पडलं असंच आपण सगळ्यांना सांगत आलो, आणि सांगून सांगून मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं.

तोंडावर मास्क ठेवलेला आठवतो. त्यानंतर डोळे उघडले ते अतिदक्षता विभागात. अंग कुणीतरी बडवून काढल्यासारखं दुखत होतं आणि लघवी काळ्या चहासारखी. बाईंनी नीट समजावून सांगितलं. भुलेचा जो वायू हुंगवतात, त्याने बहुतेक माणसं गाढ झोपतात. थोड्या घराण्यांत मात्र त्याच वायूने स्नायू पेटून उठतात. जबडा घट्ट बसतो, अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप भडकतो आणि वेळेत कळलं नाही तर माणूस हातचा जातो. "तुम्ही फ्रिजमध्ये भरता ना, त्या गॅसचा हा लांबचा भाऊबंद," बाई म्हणाल्या. मी हसलो. मग त्यांनी विचारलं, "घरात टेबलावर कुणी गेलं होतं का?" माझं हसू तिथेच आटलं.

ताई, आई गरम होती.

डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितल्यावर तू तिच्या कपाळाला हात लावलास आणि ओरडलीस, "अरे, चटका बसतोय! ही जिवंत आहे, डॉक्टरांना बोलवा!" मामा म्हणाले, हिला बाहेर न्या, हिचं डोकं फिरलंय. मी तुला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. तेव्हापासून तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. ती जिवंत नव्हती गं, त्याबाबत मी तुला खोटा दिलासा देणार नाही. पण ती गरम होती. त्या खोलीत ते फक्त तुला कळलं आणि आम्ही तुला वेड्यात काढलं. मला याची फार लाज वाटते.

हा दोष रक्तातून येतो. आईकडून मला आला. तुझ्यातही असू शकतो, आणि तुझ्यात असला तर टिकलीतही. तू म्हणशील, कानाच्या ऑपरेशननंतर तर ती हसत उठली होती. मीही बाईंना तेच म्हणालो. त्या म्हणाल्या, त्यावर जाऊ नका. एकदा, दोनदा काही होत नाही आणि पुढच्या वेळी होतं. आईचंही पहिलं ऑपरेशन सुखरूप झालं होतं, आठव.

यातून वाट आहे. तो वायू न देता शिरेतून झोपवता येतं. मशीनमध्ये राहिलेला वायूही आधी काढून टाकावा लागतो आणि यावरचं औषध हाताशी ठेवावं लागतं. माझ्या वेळी ते औषध होतं, म्हणून हे पत्र लिहितो आहे. तुमच्याकडे नसेल तर तारीख पुढे ढकला. माझे रिपोर्ट दाजींकडे दिले आहेत.

पण रिपोर्ट माझे आहेत. आईला हात तू लावला होतास. बुधवारी तुलाही तोच प्रश्न विचारतील, घाईघाईत, मान वर न करता. 'नाही' म्हणू नकोस. आई हाताला किती गरम लागली ते सांग. ऐकलं नाही तर पुन्हा सांग, ओरडून सांग. कुणी तुला बाहेर काढायला लागलं, तरी या वेळी तिथून हलू नकोस.

ज्याने तुला ओढून नेलं तो,
तुझा धाकटा