माझ्या पश्चात नदीकाठच्या पट्टीवर खांब नकोत

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, धंदा अजून ठरलेला नाही, गल्लीत भटकभवानी म्हणून ओळखली जाणारी, आज शुक्रवारी दुपारी हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. मोडली आहे ती मांडी. उद्या सकाळी भूल देऊन तिच्यात सळई घालणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. पण हे सांगता सांगता त्यांनी माझ्या तीन सह्या घेतल्या, तेव्हा चौथा कागद तरी माझ्या मनाचा असावा म्हटलं. कोणाचा दबाव नाही. दादाचा होता, तो सकाळीच येऊन गेला.

कलम १. माझी सॅक, तंबू आणि छोटा स्टोव्ह वहिनीला द्यावा. "एकदा तरी एकटीने कुठेतरी जावंसं वाटतं गं," असं ती भांडी घासताना म्हणाली होती. तंबूची चेन अडकते. मेण चोळायचं, ओढाताण करायची नाही. एकदा डोंगरावर मी त्या चेनशी भांडत बसले आणि तेवढ्यात... ते राहू दे.

कलम २. बूट कोणालाही देऊ नयेत. डावा चावतो.

कलम ३. आता मुद्द्याचं. आत्याने मला नदीकाठची पट्टी दिली: चाळीस पावलं लांब, बारा रुंद. तिने तिथे कधी कुंपण घातलं नाही. लाँड्रीवाल्या मावशी तिथे चादरी वाळत घालतात, होडीवाले होड्या उलट्या घालून डागडुजी करतात, आणि वर्षातून दोनदा नदी येऊन बसते नि आपली आपण उठून जाते. मी मृत्युपत्र न करता गेले तर पट्टी सख्खा भाऊ म्हणून दादाला जाईल, आणि दादाने ती जागा नदीकाठ पुनरुज्जीवन समितीला आधीच कबूल केली आहे. तिथे 'अनुभव केंद्र' होणार. कशाचा अनुभव, ते पुढच्या बैठकीत ठरेल.

"तुला काय करायचीय ती?" दादा सकाळी म्हणाला. "वर्षातले दहा महिने तू गायब. तुला काही होणार नाही गं, पण झालंच तर कागदांची पंचाईत नको."

"माझ्या मरणाची तयारी माझ्याआधी तूच केलीस की रे."

"तोंड आवर. पर्यटक आले तर सगळ्यांचंच भलं आहे."

कलम ४. ही कबुली. समितीने बाहेरून सल्लागार बाई आणल्या. नदीकाठ पुन्हा जिवंत कसा करायचा, हे त्यांनी आणि लोकांनी मिळून ठरवायचं होतं. मला 'स्थानिक दुवा' नेमलं. (मी स्थानिक आहे हे मलाही तेव्हाच कळलं.) शाळेच्या हॉलमध्ये मोठा नकाशा पसरला आणि प्रत्येकाला पाच लाल गोल स्टिकर दिले. आवडत्या जागेवर लावायचे, हे समजावून सांगणं माझं काम. मला खिडकीबाहेर एक बगळा दिसला आणि मी त्याच्या मागे गेले.

परत आले तोवर लोकांनी स्टिकर लावून टाकले होते. आता आमच्याकडची रीत अशी, की होडीची फळी कुजली की तिच्यावर लाल ठिपका काढतात, म्हणजे कोणी तिथे पाय देत नाही. तेव्हा अख्ख्या गल्लीने, शिस्तीत, काठ जिथे आतून पोखरलाय नेमके तिथेच ठिपके लावले. मी ते मोजले. एकसष्ट. अहवालात लिहिलं: 'समुदायाची सर्वाधिक पसंती'. तिथे 'नदी-संवाद मंच' बांधायला घेतला.

खांब उभे राहिले तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "अगं भवाने, कुजकं दाखवलं होतं आम्ही!"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलायला दिलं होतं का कोणी? चिकटवायला दिलं होतं."

मी समितीला सांगितलं. त्यांनी ते 'सूचना' या रकान्यात घेतलं. उद्घाटनाच्या फोटोला बाई म्हणाल्या, "स्थानिक दुवा हवाच." आम्ही दोघी मंचावर पुढे उभ्या राहिलो. काठ खचला आणि नदीने संवाद साधला.

कलम ५. सदर पट्टी माझ्या पश्चात लाँड्रीवाल्या मावशींना मिळावी. तिच्यावर दादाचा किंवा समितीचा कोणताही हक्क राहणार नाही. तिथे खांब रोवू नये, कुंपण घालू नये, नदी आली तर तिला जागा द्यावी. पर्यटकांनी जरूर यावं, चादरींखालून वाकून जावं. ज्याला ही जागा सुधारायची असेल त्याने आधी वर्षभर मावशींकडे चादरी पिळाव्यात, मग तोंड उघडावं.

मावशी चार वाजता भेटायला आल्या तेव्हा हे वाचून दाखवलं.

"मला कसला कागद देतेस? उद्या उठून बस आणि तुझी पट्टी तूच सांभाळ." मग बराच वेळ माझी उशी नीट करत राहिल्या. उशी नीटच होती.

त्या साक्षीदार म्हणून सही करायला निघाल्या, तर नर्सने अडवलं. "जिला मिळणार तिची साक्ष नको, नंतर भानगड होते." वॉर्डात पूर्ण शुद्धीवर असलेली आणखी एकच बाई होती, ती शेजारच्या खाटेवर, सल्लागार.

"हे आपण सगळ्यांनी मिळून लिहायचं का?" त्यांनी विचारलं.

"मॅडम," नर्स म्हणाली, "मरायचं झालं तर ती एकटीच मरणार आहे."

बाईंनी कागद दोनदा वाचला. "अनुभव केंद्राचं काम मलाच मिळणार होतं."

"माहीत आहे."

"आणि ते ठिपके... एकसष्टच्या एकसष्ट?"

"एकसष्टच्या एकसष्ट."

त्यांनी नर्सकडे शाईचं पॅड मागितलं.

ठिकाण: सरकारी रुग्णालय, बायकांचा वॉर्ड, खाट क्रमांक अकरा.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, शुक्रवार.
सही: भटकभवानी (सातबारावरच्या नावाने, आडवी पडून)

साक्षीदार १: नर्स, ड्यूटीवर असताना.
साक्षीदार २: सल्लागार बाई. उजवा हात प्लास्टरमध्ये, सबब निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार क्रमांक दोनच्या सांगण्यावरून कलम ५ मध्ये वाढवलेली ओळ: 'सल्लागार बाई पुन्हा आल्या आणि कितीही गोड बोलल्या, तरी मावशींनी त्यांना हो म्हणू नये.'