मी सोडलेल्या दोन बस

रविवार, १५ नोव्हेंबर २००९

बुधवारी तनिषा गोलमध्ये! युनिव्हर्सिटीच्या पहिल्या फुटबॉल टीमची! दोन वर्षं पोरगी राखीव म्हणून बाकावर बसून सगळ्यांचे कोट सांभाळतेय, आणि आज दुपारी फोन — नेहमीची गोलकीपर तापाने आडवी. "आई, माझा मॅच आहे." मी ओट्याशीच ओरडले. आमचे हरीशराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, आजारी कोण पडलंय ते तरी विचार. विचारलं नाही. खरं ते लिहिते.

पंचवीस तारखेला डर्बी आहे, गावातल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीशी. अख्खं कॅम्पस लोटतं. तोवर ती मुलगी उठली नाही, तर तीही मॅच तनिषाचीच!

लहानपणी हिला भरतनाट्यमला घातलं तर ही गोलपोस्टात जाऊन उभी राहिली. तेव्हा मी किती बोलले होते. आता ऑफसाइड म्हणजे काय, ते हरीशना मी समजावते.

सोमवार, १६ नोव्हेंबर

निम्मं कॅम्पस खोकतंय. जिकडे तिकडे हात चोळायच्या जेलच्या बाटल्या. मी रिसेप्शनवर बसते त्या होस्टेलची वॉर्डन सकाळीच आली. वरच्या मजल्यावर एका मुलीला स्वाइन फ्लू झालाय, तिची 'फ्लू फ्रेंड' होशील का? आजाऱ्याने बाहेर पडायचं नाही, म्हणून त्याचं औषध आणून देणाऱ्याला सरकारने हे गोड नाव दिलंय. मुलगी शेटलंडची, पार स्कॉटलंडच्या वरच्या बेटांवरची. आईवडील बोटीपलीकडे. लगेच हो म्हटलं. आईपासून लांब तापलेली पोर, नाही कसं म्हणणार?

दुपारी रांग लावून तिच्या गोळ्या घेतल्या. जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, असं खिडकीवरच्या बाईने बजावलं. बसस्टॉपवरून मुलीला फोन केला. मोराग तिचं नाव. म्हटलं, येतेच आहे. घोगऱ्या आवाजात आभार मानले आणि विचारलं, नऊ दिवसांत मी उभी राहीन ना? डर्बी आहे. मी गोलकीपर आहे.

६३ नंबर आली. मी चढले नाही. दुसरी आली. तीही सोडली. पर्समध्ये डबी. उद्या सकाळी दिली तर कोणाचं काय जातं, असं मनात आलं. नुसतं आलं नाही, वीस मिनिटं घोळत राहिलं. मी, सुप्रभा, पन्नाशी उलटलेली बाई!

मग तिचा मेसेज आला — कालपासून काही खाल्लं नाही, पण तुम्ही खाण्याची तसदी घेऊ नका. तिसऱ्या बसमध्ये चढले. लाज वाटते. इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे सांगणार?

मंगळवार, १७ नोव्हेंबर

मऊ भात, मेतकूट, वर तूप. डबा दारात ठेवायचा, टकटक करायची आणि लांब जाऊन उभं राहायचं! तनिषाला काही बोलले नाही. काय सांगू, तुझ्या जागेवरच्या मुलीला मी जेवू घालतेय म्हणून?

बुधवार, १८ नोव्हेंबर

जिंकलो! २-१! आणि पेनल्टी अडवली माझ्या लेकीने! उजवीकडे झेपावली ती चिखलातच. मी शेजारच्या अनोळखी गोऱ्या आजोबांचा हात धरून नाचले. हरीश अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते — डोळे पुसत होते आणि म्हणत होते, वारा आहे. वारा कसला!

पण आता पंचवीस तारीख. कोच म्हणाला म्हणे, बघू.

शनिवार, २१ नोव्हेंबर

बेसिंगस्टोकहून पुष्करचा फोन. स्वरालीला सातवा लागलाय, उद्या डोहाळजेवण, आणि सासूबाईंनीच यायचं नाही! आई, रोज फ्लूच्या दारात जातेस तू. मुलगा बरोबरच बोलला. तरी फोन ठेवून रडले. हिरवी साडी घेऊन ठेवलीय सुनेला.

रविवार, २२ नोव्हेंबर

डोहाळजेवण लॅपटॉपवर पाहिलं. ओटी शेजारणीने भरली. मी इकडून अक्षता टाकल्या, त्या कीबोर्डमध्ये गेल्या. आता S दाबलं की कुरकुरतं. पण स्वराली काय दिसत होती! लसही घेतलीन तिने.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

मोराग जिना उतरून स्वतः खाली आली. डबा घासून पुसून परत. गालांवर रंग आलाय. ती पिवळी पावडर कुठे मिळते, असं विचारत होती.

संध्याकाळी तनिषाचा फोन. उद्या मोराग खेळणार. एवढंच बोलली. जेवण गेलं नाही मला. मेतकूट भरवून भरवून मीच उभी केली की तिला!

बुधवार, २५ नोव्हेंबर

३-२! शेवटच्या मिनिटाला मोरागने बोटांच्या टोकाने बॉल बारवरून घालवला. ओरडायचं नाही असं ठरवून गेले होते. घसा बसलाय! तनिषा बाकावरून सर्वांत आधी धावली तिच्याकडे. मी मात्र सारखी तनिषाचे स्वच्छ हातमोजेच बघत होते. चिखलाचा एक ठिपका नाही.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

तनिषा जेवायला आली. आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. गोळ्यांचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. बसचं सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "माहीत आहे, आई. वॉर्डनला तुझा नाव मीच दिला. दुसरा कोणी उशीर केला असता. तू एक मिनिट पण थांबणार नाही, मला माहीत होता."

तिला आणखी भात वाढला.