कानाने निवडलेली हार्ड डिस्क

आबा, त्या डब्यात मोटर असते. मला वाटायचं कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीचा भाऊ, आत नुसता उजेड आणि तारा. तुमची नात दिवसभर त्याच्यापुढे बसून लग्नाच्या पत्रिका करते, मी चहा ठेवून निघून जाते. मागच्या आठवड्यात चहा ठेवायला वाकले तर खालच्या पेटीतून कर्र-कट्ट, कर्र-कट्ट. म्हटलं, "ह्याचं बेअरिंग गेलं." ती म्हणाली, "आई, ती हार्ड डिस्क आहे. माझं सगळं काम तिच्यात साठतं." "मग फिरतं काय?" तर म्हणे आत तबकडी फिरते. तबकडी फिरते म्हणजे तिला फिरवणारं कोणीतरी असणारच. मला इतका आनंद झाला की पोरीचं तोंड उतरलंय हे मी उशिरा पाहिलं. लग्नसराईच्या सगळ्या पत्रिका त्याच डब्यात होत्या, फ्लॉपीत मावत नव्हत्या. डबा बंद पडला तर लोकांचं काम गेलं, आणि पहिल्याच सीझनला तिचं नाव गेलं. नवी डिस्क आणायची, बसवायची, आणि जुनी फिरतेय तोवर तिच्यातलं सगळं नवीत उतरवायचं. दुसरा रस्ता नव्हता.

जळगावात कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने दोन डिस्क पुढे ठेवल्या, एक लहान, एक मोठी. दिसायला दोन्ही सारख्याच. "अक्का, मोठी घ्या, दुप्पट माल मावतो." पोरीलाही मोठीच हवी होती. मी म्हटलं, "आधी दोन्ही चालवून दाखव." त्याने टेबलावरच्या उघड्या कॉम्प्युटरला दोन्ही जोडल्या, आणि मी पिशवीतून, तुम्ही गेल्यावर माझ्याकडे राहिलेला, तुमचा लाकडी मुठीचा पेचकस काढला. घरून निघतानाच टाकून घेतला होता. आपलं धुळ्याचं वाइंडिंगचं दुकान डोळ्यापुढे आलं. शेतकरी बैलगाडीतून पंपाची मोटर उतरवतात, तुम्ही ती चालू करता, पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवता, मूठ कानाला लावता आणि डोळे मिटता. सगळे गप्प. पायरीवर बिडी ओढत बसलेला सुद्धा झुरका मारायचा थांबतो. मग तुम्ही एकच शब्द बोलता, "बेअरिंग", नाहीतर "कॉइल", आणि मोटर उघडली की तेच निघतं. चौथीतून काढून तुम्ही मला तिथे बसवलं. बरं केलं की वाईट, ते जाऊ द्या, पण तो एक शब्द ऐकायला मी दिवसभर थांबायची.

तर मीही तसंच केलं. पोरगी पदर ओढतेय, "आई, चल ना, लोक हसतायत." दुकानदार म्हणतो, "अक्का, छाती तपासताय का?" मी डोळे मिटले, एकीवर टेकवला, मग दुसरीवर. डोळे उघडले आणि लहान डिस्ककडे बोट केलं, "ही." "का बरं?" "मोठीचा आवाज जड आहे." आता दुकानदार हसायचा थांबला.

पण बसवून देणारा त्याचा माणूस चोपड्याला गेलेला, परवा येणार. परवापर्यंत आमची जुनी थांबली तर? "मीच बसवते, सांग कसं ते." दुकानदाराने समजावलं. पट्टीसारख्या वायरची लाल कड कुठल्या बाजूला ठेवायची, कुठली डिस्क मुख्य ते ठरवणारं इवलंसं टोपण तिच्या मागच्या कुठल्या काड्यांवर घालायचं. "जुनी थोरली, नवी धाकटी. दोघी थोरल्या झाल्या तर काम चालत नाही." म्हटलं, "ते मला नको शिकवू, मी चार जावांत नांदलेय."

मेहरूण भागातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरात उजेड चांगला, म्हणून तिथेच चटई टाकली आणि पेटी उघडली. डिस्क खणात बसली, स्क्रू आवळले. वायर काही जाईना. पोरगी म्हणते, "आई, जोर नको लावू," आणि मी जोर लावला. आबा, मी एकदा पुलीवर हातोडी घातली होती तेव्हा तुम्ही ह्याच पेचकसाची मूठ माझ्या बोटांवर मारली होती. "काय करी राहिनी व माय? बसत नही त तू चुकनी, ती नही." मला ते आठवलं, पण जोर लावून झाल्यावर. वायर काढून पाहिली तर डिस्कच्या मागची एक काडी आडवी पडलेली, केसासारखी बारीक. मी पोरीचा भुवया कोरायचा चिमटा मागितला आणि श्वास धरून ती काडी उभी केली. इतकी हळू मी आयुष्यात कधी काही केलं नसेल. मग वायर फिरवून लाल कड दुसऱ्या बाजूला घेतली, तर अलगद गेली.

बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, मला काय कळणार, मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते. "दोन्ही दिसतायत, आई." दुपारभर एकेक पत्रिका जुनीतून नवीत जात होती, आणि मी जुनीवर पेचकस टेकवून बसले होते. कर्र-कट्ट आलं की मूठ कानाला आणखी घट्ट लावायची. लाइट जाऊ नये म्हणून देवाला बजावलं सुद्धा. संध्याकाळच्या आत शेवटची पत्रिका उतरली आणि आम्ही मायलेकींनी शेव-मुरमुरे खाल्ले, त्या चटईवरच, स्क्रू बाजूला सारून.

ठरल्या दिवशी दुकानातला माणूस आला, त्याने जुनी काढून धाकटीला थोरली करून दिलं. जाताना म्हणाला, "बरं झालं अक्का, मोठी नाही घेतली. तुमच्या कॉम्प्युटरच्या जुन्या बोर्डाला एवढी मोठी ओळखूच आली नसती." आता पोरगी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते, आमच्या आईने कानाने निवडली. काल शेजारीण मिक्सर घेऊन आली. मी पेचकस लावला, डोळे मिटले, आणि खोलीत सगळे गप्प झाले, अगदी धुळ्यासारखे.

हे सगळं मी बिघडलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय. जुनी डिस्क ठेवलीय त्या खोक्यात घालून माळ्यावर टाकेन, पोरीच्या हाती लागू द्यायचं नाही. कारण त्या दुकानात मला काहीच कळलं नव्हतं, आबा. पंखा घरघरत होता, लोक बोलत होते, दोघींचा आवाज एकच. पण डोळे मिटले की उघडताना काहीतरी बोलावं लागतं, आणि बोट जवळच्या डब्याकडे गेलं. तुम्हाला तरी दर वेळी ऐकू यायचं का?