दोन सकाळी, उपाशी पोटी

बा, तुला लिहायचं म्हणजे गंमतच आहे. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि मधे पेन घेऊन बसलीय ती माझी नातसून. बारावी शिकलेली आहे, पण मी बोलते ते लिहायला लाजते, कारण गोष्ट तिच्याच नवऱ्याची आहे. मी तिला सांगितलं, "मी बोलते तसंच लिही, तुझ्या डोक्यातलं काही घालू नको." ती म्हणते, "आजी, पण हे जाणार कुठं?" जायचं कुठं नाय. तरी लिही.

तर बा, तुझा पणतू. तिशीचा आहे, शेंद्र्याच्या एका कंपनीत मशीनवर असतो, कधी दिवसपाळी, बहुतेक रातपाळी. आम्ही तिघं मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडं दोन खोल्यांत राहतो. त्याचा बाप, म्हणजे माझा लेक, गंगापूरकडं शेतावर असतो. त्याच्यापुढं असला विषय काढला की तो उठून जनावरांना पाणी दाखवायला जातो, जनावरं आताच प्यालेली असली तरी. पोरगा दोन वर्षांपासून विझत चाललाय. ताप नाय, खोकला नाय, कुठं दुखत नाय. कामावरून येतो आणि भिंतीला टेकून बसल्या जागी झोपतो. पूर्वी एक दिवसाआड दाढी करायचा, आता आठवडा गेला तरी गाल तसेच. पण माझ्या ध्यानात आधी काय आलं सांगू? तो माझ्याशी भांडायचा बंद झाला. टीव्हीचा रिमोट मी ओढून घेतला तर घेऊ दिला. मी मुद्दाम कालवणात मीठ घातलं नाही, तर मुकाट्यानं जेवून उठला. तेव्हा मी ओळखलं, हे साधं नाय. आणि ही, लिही गं, खाली काय बघतेस, ही एक दिवस पीठ मळता मळता रडायला लागली. म्हणाली, "आजी, ते माझ्याकडं बघतच नाहीत." मी विचारलं, "दुसरी कोणी आहे का?" तर म्हणाली, "दुसरी असती तर भांडले तरी असते."

माणसांची चेष्टा करायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. एकदा तो जिना चढताना मधेच थांबला, तर मी वरून ओरडले, "अरे, माझी काठी घे, मला नको आता, मी तुझ्यापेक्षा तरणी आहे!" जिन्यातली माणसं हसली. तोही हसला आणि मान घालून आत गेला. त्याची पाठ बघितली आणि मला एकदम आपला काळतोंड्या मेंढा आठवला. मोठ्या दुष्काळाचं साल. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडतायत, तिथं खायला सुकडी वाटतायत, आणि आपण मेंढरं घेऊन गोदागंगेच्या पात्रात, जिथं वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी काढावं लागतंय. मेंढ्या माजावर आलेल्या, पण काळतोंड्या कळपापासून लांब उभा आहे. त्यांच्याकडं तोंडसुद्धा करत नाही. येणारेजाणारे हसतात. मीही हसते. लग्न ठरलेली पोर मी, पदर तोंडाला लावून म्हणते, "बायल्या झाला गं बाई!" आणि तू, ज्यानं मला कधी चापट मारली नाही, तू काठी जमिनीवर आपटतोस. "त्याच्या तोंडावर हसायचं नाय. त्याला काय व्हतंय ते त्याला सांगता येत नाय. तुला येतंय का सांगता?" मग तू त्याचे खूर बघतोस, जबडा उघडून दात बघतोस, पोटाखाली हात घालून चाचपतोस, आणि माझ्या हातातली वाटी त्याच्या तोंडाला लावतोस.

तो काही सुधारला नाही, बा. खोटं कशाला बोलू. पाऊस आला, गवत आलं, तरी तो तसाच राहिला. लोक म्हणाले, गंगापूरच्या बाजारात खाटकाला दे. तू दिला नाहीस. तो म्हातारा होईपर्यंत कळपाच्या पुढं चालला आणि तू त्याला 'पाटील' म्हणायचास. पण त्याला काय झालं होतं, ते तुला मरेपर्यंत कळलं नाही, कारण विचारायला कोणी नव्हतं. एका मेंढ्यासाठी तालुक्याहून कोण येणार! मी आता तुझ्या वयाच्या लई पुढं आलेय आणि मला विचारायला माणसं आहेत. मग विचारणारच की.

विचारणं मात्र सोपं निघालं नाही. पहिला गल्लीतला डॉक्टर. तो म्हणाला, "एवढ्या तरण्याताठ्या माणसाला काय होतंय? मोबाईल कमी बघ." लाल टॉनिकची बाटली दिली. बाटली संपली, पोरगा तसाच. दुसरा मोठ्या रस्त्यावरचा, काचेच्या दवाखान्यातला. पोरगा रातपाळी करून, पोहे खाऊन, दुपारी त्याच्याकडं गेला. रक्त घेतलं. पुरुषाच्या अंगात एक हार्मोन असतो म्हणे, टेस्टोस्टेरॉन, त्यावर दाढी, जोर, इच्छा सगळं चालतं. तो काठावर निघाला. डॉक्टर म्हणाला, "काठावर म्हणजे नॉर्मलच. टेन्शन कमी करा, वजन कमी करा." पोरानं धीर करून विचारलं, "याचं इंजेक्शन असतं ना?" तर म्हणाला, "मूल पाहिजे ना तुम्हाला? ते इंजेक्शन घेतलं की शरीर बीज तयार करायचं थांबतं. मी देणार नाही." आता हे त्यानं खरंच सांगितलं, बा, त्याचा दोष नाही. पण मग काय करायचं, हे सांगायच्या आधी त्यानं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पोरगा घरी आला तो जास्तच गप्प होऊन. मग कंपनीतला एक जण भेटला, व्यायामशाळेत जाणारा, दंड असे फुगलेले. तो म्हणाला, डॉक्टर कशाला, बाटली मी आणून देतो, दंडात टोचायची, महिन्यात वाघ होशील. हे मला हिनं सांगितलं. मी त्याला समोर बसवलं. "टोचून घेणार?"

"आजी, निदान उठून उभा तरी राहीन."

"आणि लेकराचं काय?"

तेव्हा ही, जी त्याच्यापुढं कधी आवाज चढवत नाही, पिठानं भरलेल्या हातानं उठून उभी राहिली. म्हणाली, "लेकरू नाही झालं तर नाही झालं, ते मी सोसीन. पण त्या मेल्याच्या बाटलीनं नको. कोणीतरी नीट बघून सांगू दे, की नाहीच होणार." मला ही त्या दिवशी आवडली. आधी आवडत नव्हती असं नाय. लिही, लिही. मी म्हटलं, "अजून एक डॉक्टर बघायचा. आणि मी सोबत येणार."

तर छावणीकडं एक डॉक्टरीणबाई आहेत, ह्या हार्मोनच्याच. आत गेलो तर मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का? त्यांना मोकळेपणानं बोलता येईल." मी म्हटलं, "बाई, माझा जन्म मेंढरांत गेला. नराचं काय असतं नि काय नसतं, ते मी दुधाचे दात पडायच्या आधी बघितलंय. त्याला लाज वाटत असंल तर त्याला बाहेर बसवा, मी सांगते सगळं." पोरगा हसला, बा! कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसला. बाईही हसल्या, पण मला बाहेर काढलंच. बरं केलं. बाहेर बाकड्यावर बसून मी त्यांच्या दाराकडं बघत होते आणि दार लवकर उघडू नये असं मला वाटत होतं, कारण आतापर्यंत तो सगळीकडून लगेच बाहेर यायचा. लई वेळानं मला बोलावलं.

"आजी, औषध आज देणार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही पण?"

"ऐका तर. हा हार्मोन सकाळी जास्त असतो, दिवस चढला की उतरतो. रात्रभर जागलेल्या, खाल्लेल्या माणसाच्या दुपारच्या रक्तावर मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण. रात्री नीट झोपायचं, सकाळी उपाशी पोटी रक्त द्यायचं. एकदा नाही, दोन वेगळ्या सकाळी. दोन्ही वेळा कमी आलं, तर का कमी आहे ते शोधू. मूल हवं असलेल्यांसाठी वेगळे उपचार असतात. पण आधी बघू द्या."

ही बाईसुद्धा नाहीच म्हणत होती, पण खुर्ची जवळ ओढून नाही म्हणत होती. मी म्हटलं, "बघा. आम्ही कुठं जात नाय."

रात्री झोपायचं म्हणजे दिवसपाळी मागायला पाहिजे, आणि साहेबाला कारण काय सांगायचं? पोरगा नखं कुरतडायला लागला. मी म्हटलं, "आजी आजारी आहे म्हण. रात्री तिच्यापाशी बसावं लागतं."

"खोटं बोलू?"

"अर्धंच. माझ्यापाशी राहा, पण बसू नको, झोप."

पंधरा दिवस मिळाले. त्याच्या कंपनीतली दोघं जणं मोसंबी घेऊन मला बघायला आली, तर मी घाईघाईनं गोधडी ओढली आणि कण्हले. मी चांगली कण्हते, बा. एक जण तर डोळे पुसत गेला.

पहिल्या सकाळी घोळ केला तो मीच. उपाशी पोटी म्हणजे भाकरी द्यायची नाय, एवढं मला समजलं होतं. पण आपल्यात उंबऱ्याबाहेर कोणी कोरड्या घशानं गेलंय कधी? पहाटे वाघर-जाळी गुंडाळून मेंढरं हलवायच्या आधी तू मला गूळ घातलेलं दूध पाजायचास, आणि दूध म्हणजे काय खाणं असतं? मी पेला भरून त्याच्या हातात दिला, त्यानं अर्धवट झोपेत पिऊन टाकला. लॅब घराजवळच आहे. ती कुठं आहे माहितेय? जिथं आपण लेंड्यांच्या खतासाठी मेंढरं बसवायचो ना, शेतवाला पायलीभर ज्वारी द्यायचा, त्या रानात. आता तिथं तीन मजले आहेत, खाली औषधांचं दुकान, वर रक्त काढतात. रक्त काढणारा मुसलमानाचा पोरगा, लई गोड बोलतो. त्यानं सुई काढली आणि सहज विचारलं, "अम्मा, खाली पेट है ना?"

"हौ, कुछ नै खाया. खाली दूध पिया."

"दूध? शक्कर डालके?"

"गुड़ डालके. फिका दूध कौन पीता?"

त्यानं सुई ठेवून दिली आणि टेबलावर डोकं टेकून हसला. "अम्मा, कल आओ. और कल तुम घरीच झोपा." मराठीत म्हणाला, मला नीट कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावली आणि कडीपाशी मीच बसले, माझ्यावरच पहारा ठेवून, आणि पोरगा कोरड्या तोंडानं रक्त देऊन आला.

दुसरी सकाळ पुढच्या आठवड्यातली, आणि नेमकं त्याच पहाटे नळाला पाणी आलं. तुला वाटेल, त्यात काय? बा, एवढं शहर वाढलं, जायकवाडी भरलेली असली तरी आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि ह्या साली तर त्याचाही भरवसा नाय. गल्लीत आरडाओरडा, मोटारी चालू, ड्रम गडगडतायत. पोरगा बादली घेऊन धावला. मी बादली धरली. "ठेव खाली. रक्त द्यायला जा."

"आजी, पाणी जाईल!"

"जाऊ दे. टँकर मागवू. तुझी सकाळ टँकरनं येत नाय."

तो गेला. मी आणि हिनं ड्रम भरले, मी बादली भरायची आणि ही ओतायची. शेजारीण कमरेवर हात ठेवून बघत होती. "आजी, तुम्ही तर अंथरुणाला खिळला होता ना?" मी म्हटलं, "पाणी आलं म्हणून उठले. गेलं की परत खिळते."

दोन्ही सकाळच्या रक्तात हार्मोन कमीच निघाला. काठावर नाय, चांगला खाली. बाईंनी मग आणखी दोन-तीन तपासण्या केल्या. म्हणाल्या, डोक्यात एक ग्रंथी असते, तिच्याकडून खाली हुकूम जात नाही असं दिसतंय. सोमवारी डोक्याचा फोटो काढायचा आहे. मग दुसऱ्या जातीची इंजेक्शनं, शरीराला स्वतःचाच हार्मोन बनवायला लावणारी. महिने जातील, आणि लेकरू होईलच असं त्यांनी कबूल केलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आजी, खोटं सांगू?" मी म्हटलं, "नको. सोमवारी किती वाजता यायचं ते सांगा." दंडफुग्याचा फोन आला होता, तो पोरानं उचलून स्वतःच नको म्हटलं. आणि काल मी रिमोट घेतला तर म्हणाला, "दे इकडं." दिला नाय मी.

आता एक राहिलं. रिपोर्ट हातात आले, पोरानं दवाखान्याच्या दारात उभं राहून वाचले आणि म्हणाला, "दोन्हीत कमीच आहे, आजी." ही रडायला लागली. मी पदर तोंडाला लावला. दोघांना वाटलं, म्हातारी पण रडते. मी रडत नव्हते, बा. मला आनंद झाला होता. नातवाला रोग निघाला आणि आजीला आनंद झाला. तो आळशी नव्हता, हिच्यावरून त्याचं मन उडालं नव्हतं, त्याला काहीतरी होत होतं आणि ते सांगता येत नव्हतं, ते त्या रक्तानं सांगितलं. हे मी कुणापाशी बोलले नाही. कसं बोलणार?

इथं हिनं पेन थांबवलंय. मी म्हटलं, काय गं, दुखलं का तुला? तर म्हणते, "आजी, त्या दवाखान्याच्या दारात मी तरी कशानं रडले असं वाटलं तुम्हाला?"

हे पण लिही म्हटलं. आणि कागद तुझ्यापाशीच ठेव.