पांढऱ्या पट्टीखालची नवरी

बाबा, काल दुपारी स्वयंपाकघरात बसून ओल्या फडक्याने तुमच्या हातची एक पट्टी सोडवली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सेनगावच्या स्टँडसमोर तुमचं भाड्याच्या कॉमिक्सचं दुकान होतं. कॉमिक्स यायची हिंदीत, आणि तांड्यावरच्या, वाडीवरच्या लेकरांना ती समजत नसत. म्हणून तुम्ही प्रत्येक संवादावर पांढऱ्या कागदाची पट्टी चढवून त्यावर मराठी लिहायचात. अक्का खळ लावून पट्ट्या चिकटवायची, मी पानं वाळवायची. एकदा राजाच्या तोंडी मी माझाच एक विनोद घातला, तर तुम्ही ती पट्टी फाडून माझ्यापुढे ठेवलीत. "त्यानं काय लिवलंय तेवढंच सांगायचं. आपलं शानपण घालायचं न्हाई." पुढे तीस वर्षं मी बातम्या लिहिल्या त्या या दोन वाक्यांच्या धाकात.

आता ती कॉमिक्स वाचून मोठ्या झालेल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. नातवंडं झालेली माणसं तिथे भांडतात की त्यातल्या एका गोष्टीतल्या घोडेस्वाराचं लग्न कुणाशी झालं, नावाड्याच्या पोरीशी की राजकन्येशी. शेवटच्या चित्रात नवरीच्या तोंडावर पदर आहे, म्हणजे सगळा फैसला तिच्या बोलण्यावर. आपल्या भागातले झाडून सगळे नावाड्याच्या पोरीकडून, बाहेरचे राजकन्येकडून. कुरुंद्याचे एक निवृत्त हेडमास्तर रोज सकाळी "वहिनी एकच, नावेतली" एवढं लिहितात आणि हळदीच्या रानात जातात. शिरड शहापूरहून अक्का तर सगळ्यांच्या पुढे. "राजकन्येला भाकर थापता येती का? घोड्यावर बसून काय खाईल त्यो?" मी स्वतः, माझ्याजवळ राहिलेल्या तुमच्या पट्टीच्या पानाचा हवाला देऊन, रविवारच्या पुरवणीत ठामपणे लिहिलं होतं की नावाड्याची पोरच खरी.

परवा नागपूरच्या एका गृहस्थांनी त्यांच्या प्रतीचा फोटो टाकला. तोच अंक, तेच चित्र, आणि नवरी म्हणतेय की मी महाल सोडून आले. खाली मला लिहिलं, "ताई, तुमच्या पानावरची पट्टी सोडवून खालचं छापील दाखवा." मी म्हटलं, दाखवते की. तुमच्या पट्टीवर होतं, "नाव सोडून आले, आता तुमचं घर तेच माझं." पट्टी निघाली. खाली महालच होता.

तुम्ही, बाबा? माझ्या फालतू विनोदावर चिडणारे तुम्ही? मी अंकाचं पहिलं पान उलटून साल बघितलं. मग आठवलं, अक्काची पक्की झालेली सोयरीक मोडली होती ती त्याच साली. त्या मुलाला मोठ्या घरची मुलगी सांगून आली, आणि आपल्याकडे नुसता निरोप आला. अक्का बोलेना, जेवेना. आणि आता मला तो दिवस पुन्हा दिसतोय, तुम्ही गल्ल्यामागे बसला आहात, अक्का खळीच्या वाटीला हात घालतेय आणि तुम्ही म्हणताय, "ऱ्हाऊ दे, ही मी लावतो. तू चहा ठेव." तुम्ही स्वतः लावलेली तेवढी एकच पट्टी.

मी अक्काला फोन केला. म्हटलं, "अक्का, ती राजकन्याच होती गं."

"व्हय."

"व्हय म्हणजे?"

"चहा ठेवायच्या आधीच खालचं छापील वाचलं व्हतं म्या. मला हिंदी येत नव्हती का? तुझ्यासारखी ढ व्हते का मी?"

"मग इतकी वर्षं लोकांशी काहून भांडत राहिलीस?"

"पट्टी वाळल्यावर ते पान बाबांनी मला वाचाया दिलं, अन् दाराआडून बघत उभे राहिले. मला कळलं. मी हासले. तवा कुठं ते जेवाया बसले. त्या दिवसापासून मी नावाड्याच्या पोरीकडून. बाबांना कधी कळू दिलं न्हाई म्या. तू बी कळू देऊ नको."

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती असं म्हणाली, आणि मी हो म्हटलं. म्हणून हे पत्र तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही. आज सकाळी नागपूरच्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं, "ताई, सोडवलीत का पट्टी?"

मी लिहिलं, "नाही हो. फार घट्ट बसली आहे, सुटत नाही."