गायकवाड काकांची जीभ

४ ऑगस्ट ९९
कर्वेनगरला नीलिमाच्या दवाखान्याचं उद्घाटन. डेंटल कॉलेजात माझ्या वह्या उतरवायची. आता तोंडात घालायचा कॅमेरा घेतलाय, दात टीव्हीवर दिसतात. वर एसी. पेढा कडू लागला असं लिहिणार होते, पण चांगला होता. त्याचाही राग आला.

१० ऑगस्ट
गायकवाड काका आले. खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर, माझे अगदी पहिले पेशंट. जिभेवर पांढरं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, तो आधी नी.कडे घेऊन गेला. (पोटात दुखलंच.) ती म्हणे, "पुसून निघत नाही, म्हणजे बुरशी नाही. तंबाखूचा चट्टा वाटतोय, तुकडा काढून तपासू."
काका घाबरलेले. "मॅडम, कॅन्सर का हो?"
दम्याचा पंप ओढतात, वर चूळ भरत नाहीत, औषध तोंडातच राहतं आणि बुरशी धरते. बुरशीच असणार! पण गॉजने पुसलं तर माझ्याच्यानेही निघेना.

१२ ऑगस्ट
पोळ्या लाटताना सुचलं. काकांना फोन. येताना जीभ घासता का?
"अहो मग! डॉक्टरांपुढे घाण तोंड घेऊन बसायचं? चांगली खरवडून येतो."
म्हणजे निघणारं सगळं घरच्या बेसिनमध्येच जातं. उद्या न घासता या म्हटलं. नी.च्या कॅमेऱ्याला एवढं विचारता आलं नाही.

१३ ऑगस्ट
काका लाजत, तोंडावर रुमाल धरून आले. पुसलं. दह्यासारखं निघालं, खाली लालभडक. बुरशी! नी.ला फोनवर काय काय सुनावायचं ते जुळवूनही झालं. मग डाव्या कडेला एक डाग. निघेना. पुन्हा पुसला.
"मॅडम, दुखतंय."
किती जोरात पुसत होते मी.
बुरशीचं औषध दिलं. पंपानंतर चूळ भरायची, तंबाखू बंद. डाग गेला तर...

२८ ऑगस्ट
बुरशी गेली. डाग आहे तिथेच. नी.ला फोन केला, करावाच लागला. सगळं ऐकून म्हणाली, "घासून येत असतील हे मला सुचलंच नसतं गं. तुकडा काढताना तूही ये, काकांना धीर येईल."
इतकं चांगलं वागायची काही गरज होती?

३० ऑगस्ट
तुकडा तपासायला गेला. काकांनी पूर्ण वेळ माझा हात धरला होता, नी.चा नाही. बरं वाटलं, लिहून टाकते.
संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मागितलं, रिपोर्ट साधा येऊ दे. मग लक्षात आलं, साधा आला तर नी. चुकली असं होतं. हात जोडलेलेच होते. काकांसाठी मागत होते की माझ्यासाठी?